छाननीच्या आदल्या रात्री

जंगम मालमत्ता?
"सूप लिही. कात्री लिही.
धार गेलीय तिची, तेही लिही."
शपथपत्रात धारेला रकाना नव्हता.

इरम्मा म्हेत्रे, वय त्रेपन्न, शिक्षण चौथी, तेलुगू शाळा.
साखर पेठेतल्या बायका हिला दिल्लीला धाडणार,
आणि ही विड्या थांबवेना.
स्थावर? "नाही." सहाशे बारा.
गुन्हे? "एक.
कारखान्याच्या दारात बसलो होतो,
छाटीच्या विड्यांचे पैसे द्या म्हणून.
बाकीच्यांची नावं नको, माझंच लिही."
सहाशे तेरा.

अनामत चिल्लरीत नव्हती.
पतपेढीतून कोऱ्या नोटा करून आणलेल्या.
"नाणी ओतली तर
फोटो काढत बसतील आपल्या गरिबीचे."

उद्या छाननी, मी म्हणालो.
"म्हणजे छाटच की.
तीस वर्षं बघतेय,
चेकर मूठभर उचलतो, चांगल्याच फेकतो,
मागल्या दारानं त्याच विकतो."

हजार भरल्या तेव्हा
तिनं दातानं दोरा तोडला,
बोटं पदराला पुसली.
तंबाखूनं पिवळ्या चिमटीत पेन ठरेना,
सही रकान्याबाहेर सांडली.

"चालेल ना रे?"
रात्रभरात तिनं विचारलेला
तेवढाच एक प्रश्न.