पानी कसा हाय

आजोबा उरणच्या मिठागरात समुद्रातून मीठ काढायचे
आणि पाणी उन्हाला देऊन टाकायचे.
बाबांनी शुऐबाच्या प्लँटमध्ये तेच उलटं केलं:
मीठ परत समुद्रात, पाणी नळाला.
चोवीस वर्षं, तिन्ही पाळ्या.
आणि मी, त्याच पाण्याच्या गोठलेल्या लादीवर,
वाहेचा हात धरून
पाठमोरी जात होते, कुठे ते न बघता.

फहाहीलची रिंक पहाटे चारला अर्ध्या दरात मिळे.
बाहेर तेव्हाही अडतीस.
आई बाकावर बसे, दोन स्वेटर, त्यावर बाबांचा बॉयलर सूट,
मांडीवर तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा, पोटाला ऊब म्हणून.
वाहे मला एका हातानं धरून गरगर फिरवायचा,
मी इतकी आडवी की वेणी बर्फाला लागे.
सगळं जग त्याला मृत्यूचं काहीतरी नाव देतं.
आई म्हणाली, ही तं फुगरी,
येक जनी आरवी परलेली.

वाहे आर्मेनियन. जन्म सालमियाचा,
वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान.
त्याला मराठी चार शब्द यायचे:
धर. सोड. आत्ता. आई गं.
तेवढ्यावर आम्ही नऊ वर्षं काढली.

झिनाइदाबाई म्हणत, जोडीत कुणी एकटं पडत नाही.
मला ते साफ खोटं वाटे.
मीच पडायचे, तो उभा असायचा.
तो मला फेकायचा, तळवे कमरेवरून सुटायचे,
आणि पुढचा पाऊण सेकंद
मी घरतांची नसे, त्याची नसे,
बाबा रांगेत ताटकळून दरवर्षी नवा करून आणत
त्या शिक्क्याचीही नसे.
मग बर्फ.
उजवा घोटा दोनदा, मनगट एकदा, हनुवटीला सहा टाके.
(त्याचा खांदा तेव्हापासूनच दुखत होता.
हे मला कुणीच सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.)

फॉर्मवर देशाचा रकाना एकच.
त्याचा पासपोर्ट लेबननचा, माझा भारताचा, घाम कुवेतचा.
शेवटी तिरंग्याचं जॅकेट त्यानं घातलं,
बाह्या आखूड, आरशासमोर हसत राहिला.
टालिनला अठरा जोड्यांत आम्ही सतरावे.
अठराव्या जोडीनं माघार घेतली होती.
तिथला बर्फ वेगळा वाजत होता,
पात्याखाली काहीतरी जुनं चिरत गेल्यासारखा.
आमचा बर्फ गप्प असे,
दोनदा उकळून आलेला.
मामानं फोनवर विचारलं, मग पदक कुठलं?
मी म्हटलं, वेणी ओली झाली.

आणखी दोन स्पर्धा. मग तो खांदा.
मग नवा जोडीदार शोधायचा ठरला:
एक मिन्स्कचा पोरगा, एकवीस वर्षांचा, बैलासारखा दणकट.
त्यानं मला पहिल्याच दिवशी उचललं
आणि वरून मला रिंकचा पत्रा दिसला,
गंज, पारव्याचं घरटं.
वाहेबरोबर कधी दिसला नव्हता.
खाली उतरून मी बूट सोडले.

आता मॉलच्या रिंकवर शिकवते, बिर्याणीच्या वासात.
पोरं प्लास्टिकचे पेंग्विन ढकलत उभी राहतात.
मी सांगते, आधी पडायला शिका,
हात मुठीत, बोटं आत.

मागच्या मंगळवारी घड्याळाचा सेल संपला.
दुकान आता वाहेच चालवतो, डोळ्याला भिंग.
पट्टा बसवताना त्यानं मनगट धरलं,
अंगठा नाडीच्या बाजूला, बोटं खालून,
आणि माझी टाच
फरशीवर आपोआप वळली.
त्यालाही कळलं असावं.
"आत्ता?" तो म्हणाला.
दुकानात एक बाई चेन दाखवायला थांबली होती.
मी म्हटलं, सोड.
पैसे त्यानं घेतले. दीड दिनार.

बाबा उरणला परत गेलेत. दर शुक्रवारी फोन.
माझं कसं चाललंय हे ते विचारत नाहीत,
विचारतात, पानी कसा हाय?
आज कठीण आहे बाबा, मी म्हणते,
चांगलं कठीण. उभं राहता येतं.