अंगठेबहाद्दर

पारामारिबो. नोंदणी कचेरी, खिडकी चार.
माझ्या मागचा पंखा तीन वर्षं एकाच बाजूला बघतो;
दुसरीकडे मान वळवायला निघतो
आणि कट्‌ करून परत येतो.

हेर्मिना मद्रेत्स्मा, वय एकाहत्तर.
डोक्याला खळ घालून कडक केलेला रुमाल.
इथे रुमालाच्या घड्या बोलतात.
आज तिनं तीन टोकं मोकळी सोडलेली,
म्हणजे: बोलू देत लोकांना.

"आडनाव बदलायचंय."
कारण? असा एक रकाना आहे.
तिनं शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं
आणि मागे मागे सरकवत नेलं.
"वाच."
मी वाचलं. आम्स्टरडॅम.

"साखळी तुटली त्या दिवशी
मळ्याचा कारकून खुर्चीत बसला होता, तुझ्यासारखाच.
समोर माणसांची रांग, आणि त्याच्याकडची नावं संपलेली.
कंटाळून त्यानं मालकाच्या शहराचं नाव उचललं,
वाळत घातलेल्या सदऱ्यासारखं उलटं केलं
आणि माझ्या खापरपणजीच्या अंगावर टाकलं.
म्हणाला, जा, तू मोकळी.
फक्त अजून दहा वर्षं मळ्यावरच राबायचं."
ती हसली. हसताना तिचा खालचा एक दात हलतो.

मी फॉर्म सरकवला. फी सांगितली.
नवीन आडनाव: पंधरा घरांची चौकट.

ती बघत बसली.
मागे जुळ्यांचा बाप खोकला, मग उघड उघड वैतागला.
"खापरपणजीचं त्याआधीचं नाव काय होतं?"
"ते जहाजावर चढलंच नाही."
"मग निवडा तुम्ही. काहीही चालतं."
"काहीही," ती म्हणाली,
आणि शब्द जिभेवर फिरवला, बिलंबीसारखा.
"तू काय लिहिलं असतंस?"

मी जगेसर. रॉय जगेसर.
हेही आडनाव नव्हतंच कधी.
कलकत्त्याच्या डेपोत आज्याच्या आज्याला विचारलं, नाव?
तो म्हणाला, जगेसर.
पुढचं विचारलं असेल, तर ते वाऱ्यात गेलं.
पाच वर्षांच्या कराराखाली त्यानं अंगठा उठवला,
कागदाची भाषा त्याची नव्हती.
तो कागद आहे अजून खाली तळघरात.
रेषा इतक्या स्वच्छ, की
वरून पाहिलेलं भाताचं खाचर वाटावं.
घरात आम्ही त्याला हसायचो: अंगठेबहाद्दर!

हेर्मिनाबाईंना मी काहीच उत्तर दिलं नाही.
खिडकी बंद व्हायच्या वेळी ती उठली,
फॉर्म चौघडी करून रुमालात खोचला.

रात्री फोननं विचारलं.
नवे नियम, सदतीस पानं.
मी कुठे असतो, कुणाशी बोलतो, काय बघून थांबतो,
असलं काहीतरी असणार.
मला डच येतं. इंग्रजी येतं.
दिवसभर मी दुसऱ्यांचे कागद
स्वल्पविरामासकट तपासतो.
एक पान उलटलं नाही.
काचेवर अंगठा टेकवला. मान्य आहे.
काच म्हणाली, धन्यवाद, रॉय.

शाईसुद्धा लागली नाही.
तरी मी बोट चादरीला पुसलं.
त्याला वाचता येत नव्हतं, एवढंच घोळत राहिलं डोक्यात,
मग झोप लागली. लागतेच.

गुरुवारी ती परत आली.
फी बरोबर मोजून ठेवली, सुट्टी नाणी.
पंधराच्या पंधरा घरं कोरी.

"असा चालत नाही, बाई."
"शिक्का मार."
"कशावर?"
"कोऱ्यावरच. तारीख नीट उमटू दे.
नाव सापडेल, न सापडेल.
पण या दिवशी मला विचारलं होतं,
एवढं तरी कुठे लिहिलेलं असू दे."

नियमात बसत नाही.
मी नियमाचं पुस्तक उघडलं, खरंच उघडलं,
आणि ती उभी राहिली,
तीन मोकळी टोकं कानाजवळ हलताहेत.
माझा अंगठा शिक्क्याच्या मुठीवर.
मागे पंखा
मान वळवायला निघाला.