शंभर मिली

मानांग आली अकरा दिवसांसाठी.
त्यातले दोन विमानांनी खाल्ले, एक झोपेने.
उरलेल्या आठांचा हिशेब
वहीच्या शेवटच्या पानावर ती आखूनच आली होती:
दाढेचा डॉक्टर, आईचा चष्मा, जमिनीचा कागद,
एलियासची शाळा, एलियास,
पुन्हा एलियास.

इलोइलोच्या धक्क्यावर मी होडी लावून उभा.
आधी खोका उतरला, मग ती.
"रोदेल, इंजिनाला अजून तोच खोकला?"
लाटेवर होडी कलली तसा तिने काठ घट्ट धरला.
पूर्वी धरत नसे.
मी गिमारासच्या डोंगराकडे बघत राहिलो.

घरी खोका फोडला. साबण, मांसाचे डबे, चॉकलेटं,
एलियासचे बूट.
बूट बोटभर लहान निघाले.
दर रविवारी फोनवर चेहरा दिसतो,
पाय कोण दाखवतंय?
आई म्हणाली, भिजवून ताणू.
मानांगने बूट परत खोक्यात ठेवले
आणि वर्गातला आवाज लावून म्हणाली,
"शाब्बास. वाढलास."

तिकडे ॲरिझोनात ती सहावीला गणित शिकवते,
नवाहो मुलांना.
लाल माती, एकच रस्ता,
मुलं अंधारात निघतात बस गाठायला,
पाणी टाकीत भरून ट्रकने घरी नेतात.
आईने मासा उलटता उलटता विचारलं,
"म्हणजे आपल्यासारख्यांनाच शिकवायला
एवढ्या लांब गेलीस?"
मानांग हसली. पगाराचं काही बोलली नाही.
आईच्या डोक्यावर नवीन पत्रे होते,
त्यांनाही काही बोलायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी जुन्या शाळेत.
तिच्या खुर्चीत आता तिचीच विद्यार्थिनी, देल्फा.
तिनेही अर्ज भरलाय; बाजूला घेऊन विचारते,
"मॅडम, मुलाखतीत काय विचारतात हो?"
मग मोठ्याने, "आज हजेरी तुम्हीच घ्या."
मानांग घेऊ लागली. सहा नावं, सात नावं,
आणि आठव्याला तोंडातून निघालं, "शांडीन."
वर्ग गप्प.
मागच्या बाकावरून एक कार्टा ओरडला, "हजर!"
सगळे हसले. मानांगही, जरा उशिरा.

रात्री जेवताना एलियासने विचारलं,
"शांडीन कोण?"
एक मुलगी. तिने समुद्र पाहिलेला नाही.
निघताना म्हणाली होती, येताना थोडा आणा.
एलियास भात चिवडत राहिला.
"किती वर्षांची?"
"तुझ्याहून दोनने मोठी."
"मग तिला कळत नाही का, समुद्र असा आणता येत नाही?"

शेवटच्या पहाटे आईच्या खोकल्याच्या औषधाची
रिकामी बाटली तिने तीनदा विसळली.
शंभर मिली. विमानात तेवढंच चालतं.
मी म्हटलं, काठाचं नको, गढूळ असतं.
मधोमध नेऊन इंजिन बंद केलं.
ती वाकली, दोन्ही हात पाण्यात,
काठ सोडून.
मागून एलियासने तिचा झगा मुठीत धरला होता.
बाटली वर आली तशी त्याने
आत बोट बुडवून चाखून पाहिलं.
"ठीक आहे," म्हणाला. "खारट आहे."
बूच त्यानेच लावलं.

ते नीट लागलं नव्हतं.
पुढच्या रविवारी ती सांगत होती,
अर्धा समुद्र पिशवीत सांडला, वही भिजली.
वाळल्यावर शेवटच्या पानावर
मिठाची पांढरी रेघ उठली,
दाढेपासून जमिनीपर्यंत
आणि खाली दोन्ही एलियासांवरून.
मुलांनी बाटली हलवून पाहिली, वास घेतला,
ठेवून दिली.
शांडीनने मात्र ते पान मागून घेतलं.
फाडून दिलं, काय करणार.

मी म्हटलं, बरं केलंस.
एलियास माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावला.
बूट शेजारच्या पोराला देऊन झाले होते,
हा अनवाणीच.
"आणि पान?" त्याने विचारलं.
"ते ती परत कधी देणार?"