दोनशे कशाचे

खेमचंद नेहेतेने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.
'सर, दुबईचा शेठ म्हणतो, नॉक ऑफ टू हंड्रेड.
दोनशे काय? पेट्या? रुपये?
डिक्शनरीत तर खून करणे असंही दिलंय.'

एकतीस वर्षं मी फैजपूरला इंग्रजी शिकवलं.
नॉक म्हणजे ठोठावणे.
ऑफ म्हणजे बंद, नाहीतर दूर.
एकेकटे भेटले तर दोघंही नमस्कार करतात,
जोडीने आले की
रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

मी चष्मा पुसला.
(काच स्वच्छच होती.)
तोवर तो वाचत राहिला:
काम सोडून घरी जाणे, नकली माल,
घाईत उरकणे, चोरणे,
आणि पुन्हा तो खून.

सावद्याच्या शेडमध्ये
तुरटीच्या पाण्यात फण्या तरंगत होत्या.
टांगलेल्या घडापुढे हमीदाबी तडवी,
हातात वाकडी सुरी.
एक फणी दांड्यावरून सुटली, मग दुसरी.
मान न वळवता म्हणाली,
'कट्टी मागून राह्यला तुमचा शेठ.
दांड्याचं वजन कापता ना तुम्ही शेतकऱ्याचं,
तशी. भावातून.
दोनशे नका देऊ, पन्नास म्हना.'

खेमचंदने पन्नास टाइप केलं.
माझ्याकडे बघितलंही नाही.

कट्टी.
माझ्या कुठल्याच डिक्शनरीत ती या पानावर नव्हती.
आणि मला आठवला रेवाराम झोपे,
सोसायटीच्या निवडणुकीत एका मतावरून
सहा वर्षं धरलेली.
एका वर्गात बसायचो तेव्हा
ती मधल्या सुट्टीपर्यंतही टिकत नसे.

सव्वासहाला बायांनी हात धुतले.
केळीचा चीक साबणाने जात नाही,
तरी धुतले.
हमीदाबी चप्पल शोधत म्हणाली,
'चला गं, नॉक आफ!'
बरोबर वापरलं. दहापैकी दहा.

घरी जाताना वाट वाकडी केली.
झोपेंच्या अंगणात गोवऱ्यांचा धूर,
निखाऱ्यावर बट्टी भाजत होती,
वरणाला फोडणी बसली होती.
बट्टी.
हिलाही लहानपणी दुसरा अर्थ होता,
करंगळी सोडून मधलं बोट पुढे केलं की
लागू व्हायचा.

कडी वाजवली.
नॉक. पहिला अर्थ, पाचवीच्या पुस्तकातला.

आत कुणीतरी खाकरलं.
रेडिओ बारीक झाला.
अजून
दार तसंच आहे.