इथे चेंडू नाही

सेरोवेच्या शाळेत स्टॉपवॉच एकच,
आणि ते माझ्या गळ्यात.
सकाळी शंभर मीटर, दुपारी फुटबॉल.
बोइकान्यो तीच, बूट वेगळे;
धावण्याचे बहिणीचे, टाचेत कागद कोंबलेला.

मैदानावर ती चेंडूच्या आधी पोचते
आणि थांबते, कमरेवर हात,
उशिरा येणाऱ्या पाहुण्यासाठी दारात थांबावं तशी.
मागून बचावाच्या पोरी येतात धापा टाकत,
दातांत लाल वाळू.

शर्यतीत उलटंच.
साठाव्या मीटरला तिची मान डावीकडे वळते,
कुणी पास देईल म्हणून.
केलेबोन्ये सर ओरडतात,
"समोर बघ, पोरी, इथे चेंडू नाही!"
पाच शतांश सेकंद जातात
त्या एका नजरेत. दर वेळी.

काल गॅबोरोनहून दोघे आले,
दोन वेगळ्या गाड्यांतून, एकमेकांशी न बोलता.
दोघांनी मलाच विचारलं, ही खरी कुठली?
मी वेळ सांगितली: अकरा पूर्णांक नऊ.
मानेचं नाही सांगितलं.

ती तेव्हा गोलपोस्टमागे
शेळ्या हाकलत होती, अनवाणी,
आणि एका लंगड्या करडाला
मुद्दाम
पुढे जाऊ देत होती.