कडी

हळदीच्या पोत्यांनी भरलंय आता रेणुका टॉकीज.
पडद्याच्या जागी पिवळी धूळ धरलेली भिंत,
बाल्कनीत हमाल दुपारचे लवंडतात.
पण यार्डामागच्या चहाच्या गाड्यावर
तो खटला अजून बोर्डावर आहे.

शेवटचा सीन.
रात्र. धाकटा दीर दार वाजवतोय,
मागून चौघे येतायत, बॅटऱ्या उसात हलतायत.
आत वहिनी. तिचा हात कडीवर.
मग एकदम सकाळ. अंगणात सडा,
उंबऱ्याशी एक चप्पल.
समाप्त.

आवटी वकील म्हणतात, काढली.
चप्पल एकच आहे, म्हणजे माणूस पळत आत शिरला.
कोरवी बेलीफ म्हणतो, लावली.
चप्पल एकच आहे, म्हणजे माणूस ओढत नेला.
आणि सडा बघा की सायेब,
एवढ्या पहाटे एवढं पाणी कोण मारतं?
सडा रोजचाच असतो हो, आवटी म्हणतात,
आणि भडंगाच्या कागदावर
दाराचा नकाशा काढायला घेतात.

मी लघुलेखिका. सत्तावीस वर्षं सांगलीच्या कोर्टात
माणसांचं बोलणं रेघोट्यांत धरलं.
‘हो की नाही, एवढंच सांगा’
हे माझी बोटं झोपेतसुद्धा काढतात.
कुणी गप्प राहिलं की लिहायचं,
साक्षीदार उत्तर देत नाही.
किती वेळ गप्प, कुणाकडे बघत,
पदराचं टोक कितीदा पिळलं,
त्याला चिन्ह नाही.

परवा हरिपूरच्या रस्त्याला बाबालाल मुजावर भेटले.
रेणुकाचे ऑपरेटर. एका डोळ्यात मोतीबिंदू.
म्हणाले, बाई, उगं भांडताय तुमी.
चौथ्या दिवशी रातच्या खेळाला फिल्लम अडकली न् जळाली.
दोन हात असंल. कापली, सोल्युशन लावलं, जोडली.
तीच पेटी पुढं तासगावला, विट्याला गेली.
अख्खा जिल्हा माझ्या कात्रीवर भांडतोय!
हसता हसता खोकले.

म्हणजे पहिल्या तीन दिवसांत ज्यांनी पाहिला
त्यांना ठाऊक असणार.
मी आवटींना विचारलं, कधी पाहिलात?
पहिला दिवस, पहिला खेळ.
आणि कोरवी?
त्यांच्याच मागच्या रांगेत.

तुम्ही तर रोज बघत होता, मी मुजावरांना म्हटलं.
मी कुठला बघतोय? माझं सगळं ध्यान कार्बनवर.
मग तपकिरीच्या डबीतून त्यांनी
न जळालेलं काढलं. तीन चौकटी.
नदीवरच्या उजेडाला धरल्या.
हात. कडी. मनगटावर एक काकण, पिचलेलं.
तिन्हींत तेच. केसभरही हललेलं नाही.
अशी फिरवली तर काढती, ते म्हणाले,
तशी फिरवली तर लावती.
घेऊन जावा. मला आता दिसतंय कुठं.

खणभागात आम्ही भाड्यानं होतो
तेव्हा मधल्या दाराला अशीच कडी होती. गार असायची.
पलीकडे गाडव्यांची सून.
एका रात्री दार दोनदा वाजलं.
जोरात नाही. वाटी ठेवावी तेवढंच.
आमचे हे म्हणाले, झोप.
मी उठले होते. हे मला पक्कं आठवतं.
हात वर गेला, लोखंड बोटांना लागलं,
इथपर्यंत आठवतं.
पुढे सकाळ आहे. पंच आले आहेत.
कुणीतरी मला त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगतंय
आणि मी आलं किसते आहे.

कोर्टात हे कधी कुणी विचारलं नाही.
माझी जागा टेबलाच्या या बाजूला होती.

तीन चौकटी पर्समध्ये आहेत,
वीजबिलाच्या पावतीत गुंडाळून.
गाड्यावर अजून काढल्या नाहीत.
काल नकाशा पुढे सरकवत आवटी म्हणाले,
बाई, इतकी वर्षं ऐकताय,
तुमचं काय मत? लावली का काढली?
कोरवीनंही बशी खाली ठेवली.

मी गाडेवाल्याला म्हटलं,
माझ्यात साखर कमी.