खालचा खण

सकाळी साडेआठला माझं पहिलं काम:
टेबलावरच्या मॉडेलची धूळ पुसणं.
रंगाचा मऊ ब्रश, वरून एक फुंकर.
बत्तीस मजले, खिडकीखिडकीत तांदळाएवढा दिवा,
पायथ्याशी निळ्या काचेचा काळा समुद्र,
आणि एकविसाव्या बाल्कनीत
हात वर केलेली, नखाएवढी एक बाई.
ती कुणाला हात करते ते ठाऊक नाही.

इमारत आणि समुद्र यांच्यामध्ये एक मोकळा चौकोन,
हिरव्या लोकरीचं गवत चिकटवलेला.
तिथं दुसरी इमारत येणार आहे. छत्तीस मजली.
ती माझ्या टेबलाच्या खालच्या खणात
वर्तमानपत्रात गुंडाळलेली असते.
मागची विकायची तर खण बंद,
पुढची विकायची तर उघडायचा.
गोचानं पहिल्याच दिवशी शिकवलं हे,
नव्या माणसाला कॉफीचं यंत्र दाखवावं
इतक्या साधेपणानं.

गोचा जेवणावळीत जाम सुंदर उचलतो.
पहिला पूर्वजांसाठी, दुसरा लेकरांसाठी,
तिसरा, आवाज जरा खाली आणून, सचोटीसाठी.
त्याच्या दाराशी पितळी घंटा आहे.
सौदा झाला की वाजवायची, बाकीच्यांनी टाळ्या.
ज्याचा आठवडा कोरडा गेला
त्यानं सोमवारची मीटिंग उभ्यानं ऐकायची.
ओतार तीन सोमवार उभा होता.
चौथ्या सोमवारी त्याच्या खुर्चीत कुंडी.
कुणी काही विचारलं नाही.
कुंडीला पाणी मी घातलं.

सोडून का जात नाहीस, बहीण विचारते.
बहीण तुर्कस्तानात हॉटेलच्या चादरी बदलते, तिला विचारता येतं.
माझं घर गोचाच्याच जुन्या इमारतीत आहे,
कर्मचारी सवलतीत, हप्ते पगारातून.
नववा मजला. लिफ्टच्या जागी अजून फळ्या ठोकलेल्या.
मी घेतलं तेव्हाही घंटा वाजली होती,
आणि टाळ्यांत माझ्याही टाळ्या होत्या.

मार्चमध्ये कारागांडाहून साउले आली.
एकतीस वर्षं नर्स, नवरा खाणीत,
कोळसा छातीत घेऊनच गेला.
बातुमीत त्या दिवशीही पाऊस; तिनं छत्री बाहेर झटकली,
जमीन ओली होऊ नये म्हणून.
किंमत विचारली नाही, नळ विचारले नाहीत.
एवढंच: "पलंगावरून समुद्र दिसेल ना?"
खालच्या खणाची मूठ माझ्या गुडघ्याला रुतत होती.
मी म्हणाले, दिसेल.
खोटं नाही. दीड वर्ष दिसेल.
"बघ माक्वाला," गोचा नंतर म्हणाला,
"तुझ्या चेहऱ्यावर लोक विश्वास ठेवतात.
तो चेहरा पगारात धरलेला आहे."

कराराच्या नवव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात,
चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात असं आहे.
ते पान आम्ही उलटताना बोलत राहतो,
हवेबद्दल, मासळीबद्दल.
आज बारावा दिवस.

सगळे गेल्यावर मी खण उघडला.
वर्तमानपत्राची घडी सोडवली,
छत्तीस मजले गवतावर उभे केले,
आणि खोलीचे दिवे घालवून मॉडेलचे लावले.
समुद्र गेला.
बाल्कनीतली बाई आता
एका भिंतीला हात करत होती.

फोटो काढला. साउलेला पाठवला.
खाली एक अक्षर लिहिलं नाही;
वाटलं, चित्रच बोलेल, माझी जीभ वाचेल.
तिकडे रात्र झाली असणार.
तरी लगेच उत्तर आलं:
"किती सुंदर! दोन दोन इमारती!
यातली माझी खिडकी कुठली, पोरी?"

मी फोन टेबलावर ठेवला.
परत उचलला.
आता लिहावंच लागणार होतं, शब्दांत,
आणि बोटाला चिकटलेला
हिरव्या लोकरीचा एक धागा
काही केल्या निघत नव्हता.